पन्नास दिवसांचे नाव

थेसालोनिकीच्या कॉन्स्टंटाइनला लोक तत्त्ववेत्ता म्हणत. ८६८ सालच्या अखेरीस तो रोममध्ये अंथरुणाला खिळला. आपण यातून उठत नाही हे ओळखून त्याने मठवासाची दीक्षा घेतली आणि रिवाजाप्रमाणे जुने नाव सोडून नवे घेतले : किरिल. ग्रीक ‘क्युरिओस’ म्हणजे स्वामी, त्यावरून आलेले हे नाव. कॉन्स्टंटाइन आणि किरिल या दोन्ही नावांचे पहिले अक्षर एकच, ‘क’. पूर्वेकडच्या मठांत नाव बदलताना पहिले अक्षर शक्यतो राखत. त्याच्या जुन्या चरित्रात पुढचा हिशेब दिला आहे. दीक्षेनंतर तो ५० दिवस जगला आणि १४ फेब्रुवारी ८६९ रोजी वयाच्या ४२व्या वर्षी वारला.

४२ वर्षे म्हणजे साधारण १५,३४० दिवस. त्यातले ५० दिवस तो किरिल होता, म्हणजे आयुष्याचा जेमतेम तीनशेवा हिस्सा. आज त्याच नावाने ओळखली जाणारी किरिलिक लिपी सुमारे २५ कोटी लोक वापरतात. बल्गेरियापासून मंगोलियापर्यंत आणि थेट प्रशांत महासागराच्या काठापर्यंत ५०हून अधिक भाषा तिच्यात लिहिल्या जातात. ती वापरणाऱ्या देशांतला एकटा रशियाच ११ कालविभागांत पसरलेला आहे. २००७ साली बल्गेरिया युरोपीय संघात आला, तेव्हा लॅटिन आणि ग्रीकनंतर ही संघाची तिसरी अधिकृत लिपी झाली. १४ सप्टेंबर १९५९ रोजी लूना-२ हे यान चंद्रावर आदळले. चंद्रावर पोचलेली ती माणसाच्या हातची पहिली वस्तू. तिच्यातल्या धातूच्या गोळ्यांवर सोव्हिएत देशाच्या नावाची आद्याक्षरे कोरलेली होती, तीही किरिलिकमध्येच. रोममधल्या त्या ५० दिवसांचे नाव लावणारी अक्षरे ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर गेली.

आणि एवढे सगळे असून, बहुतेक अभ्यासकांच्या मते, ही लिपी किरिलने केलेलीच नाही.

त्याने केली ती वेगळीच लिपी. मोराव्हियाचा राजा रास्तिस्लाव याने कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाकडे निरोप पाठवला होता, की आमच्या लोकांना आमच्या भाषेत धर्म शिकवील असा कुणी द्या. ८६३च्या सुमारास कॉन्स्टंटाइन आणि त्याचा थोरला भाऊ मेथोडियस तिकडे निघाले, ते नवी अक्षरे बरोबर घेऊनच. वर्तुळे, त्रिकोण आणि क्रूस यांची ती अक्षरे ना ग्रीकसारखी दिसत होती ना लॅटिनसारखी. या लिपीला आज ग्लागोलित्सा म्हणतात. दहाव्या शतकाच्या आसपास ख्राबर नावाच्या बल्गेरियन भिक्षूने या अक्षरांची बाजू मांडणारा एक छोटा निबंध लिहिला. त्यात मोजदाद अशी आहे : एकूण ३८ अक्षरे, त्यांतली २४ ग्रीक अक्षरांच्या धर्तीवर आणि १४ खास स्लाव्ह उच्चारांसाठी. त्याआधी स्लाव्ह लोक काय करत, तेही तो सांगतो. रेघा ओढून आणि खाचा पाडून ते मोजत आणि शकुन पाहत.

मोजण्याचा हा धागा मला फार मोलाचा वाटतो, कारण दोन लिपींपैकी आधीची कोणती, याचा एक चांगला पुरावा आकड्यांमधूनच मिळतो.

त्या काळी या लोकांकडे अंकांसाठी निराळी चिन्हे नव्हती, अक्षर हाच अंक. डोक्यावर एक नागमोडी रेघ दिली की अक्षर संख्या म्हणून वाचायचे. ग्लागोलित्सात हे काम अगदी सरळ होते. वर्णमालेत जो क्रम, तीच किंमत. अझ १, बुकी २, वेदी ३, ग्लागोली ४, दोब्रो ५, येस्त ६, झिवेते ७, द्झेलो ८, झेम्ल्या ९. प्रत्येक अक्षराचे नाव हा अर्थ असलेला शब्द आहे : मी, अक्षरे, जाणतो, बोल, चांगले, आहे, जगा, फार, पृथ्वी. मुलाने एक ते नऊ मोजले की ‘मी अक्षरे जाणतो, बोलणे चांगले आहे’ असे काहीसे आपोआप तोंडी येई. मराठी कानाला यातले दोन शब्द लगेच जवळचे वाटतील. ‘अझ’ आणि संस्कृत ‘अहम्’ एका मुळाचे, तसेच ‘वेदी’ आणि ‘वेद’ही.

किरिलिकमध्ये मात्र हा क्रम चालत नाही. ती ग्रीक अक्षरांवरून उचललेली असल्यामुळे किमतीही ग्रीकच राहिल्या. ग्रीक वर्णमालेत त्या वेळी ‘ब’ असा उच्चारच नव्हता. बीटाचा उच्चार ‘व’ झाला होता आणि त्याची किंमत होती २. त्यामुळे किरिलिकमध्ये ‘अझ’ १ आणि लगेच ‘वेदी’ २. मधल्या ‘बुकी’ची किंमत शून्यही नाही, ती मोजणीत येतच नाही. ‘ग्लागोल’ ४ऐवजी ३ झाला, ‘दोब्रो’ ५ऐवजी ४. ‘झिवेते’ही मोजणीबाहेर गेले.

आता नक्कल उतरवणाऱ्या लेखनिकाचा विचार करा. समोर ग्लागोलित्सातली पोथी आहे आणि तिच्यात ‘तीन दिवस’ या अर्थी ‘वेदी’ लिहिले आहे. त्याने अक्षर तेवढे बदलले आणि किंमत बदलायला विसरला, की तीन दिवसांचे दोन दिवस होतात. जुन्या किरिलिक हस्तलिखितांत अशी चूक सापडली, की मूळ पोथी ग्लागोलित्सात होती हे उघडे पडते. हजार वर्षांपूर्वीच्या एखाद्या थकल्या हाताची ही एका आकड्याची चूक आज लिपीचे वय सांगते. पुराव्याचा इतका सुंदर प्रकार मी क्वचितच पाहिला आहे.

मग किरिलचे नाव भलत्याच लिपीला कसे लागले? याचा एक धागा १०४७ सालच्या नोवगोरोदमध्ये सापडतो. उपिर लिखिय नावाच्या पुरोहिताने राजपुत्रासाठी संदेष्ट्यांच्या ग्रंथांची नक्कल केली. १४ मेला सुरुवात आणि १९ डिसेंबरला शेवट, सात महिन्यांहून जास्त काम. मूळ पोथी हरवली, पण पुढच्या नकलांमध्ये त्याची पुष्पिका जशीच्या तशी आली आहे. ही नक्कल आपण ‘कुरिलोवित्सा’वरून केली, असे तो म्हणतो. कुरिलोवित्सा म्हणजे किरिलची लिपी. तो स्वतः आज आपण जिला किरिलिक म्हणतो तिच्यात लिहीत होता. किरिलिकवरून किरिलिकमध्ये उतरवले, हे कुणी मुद्दाम कशाला लिहील? शिवाय त्या नकलांमध्ये मधूनच ग्लागोलित्साची अक्षरे डोकावतात. म्हणजे ११व्या शतकात ‘किरिलची लिपी’ हे नाव अजून खऱ्या मालकाकडे होते. नंतर केव्हातरी ते सरकले.

नाव का सरकले याचे उत्तर बल्गेरियात आहे. मेथोडियसने शेवटच्या वर्षांत जवळजवळ संपूर्ण बायबल भाषांतरित केले. मार्चपासून २६ ऑक्टोबरपर्यंत, हाताशी भरभर लिहिणारे दोन पुरोहित घेऊन, असे त्याचे चरित्र सांगते. ८८५मध्ये तो गेला आणि मोराव्हियातून शिष्यांची हकालपट्टी झाली. काहींना गुलाम म्हणून विकले. जे वाचले ते बल्गेरियाचा राजा बोरिस याच्या आश्रयाला आले. त्यांतल्या क्लेमेंटला ओहरीदकडे धाडले गेले. त्याने सात वर्षांत ३,५०० विद्यार्थी तयार केले, असे त्याच्या चरित्रात म्हटले आहे. आकडा फुगवलेला असला तरी त्यामागची झेप लहान होत नाही. बोलीला अक्षर मिळून जेमतेम एक पिढी झाली होती आणि वर्षाला पाचशेच्या हिशेबाने लिहिणारे हात तयार होत होते. तिकडे बल्गेरियातल्याच प्रेस्लावमधल्या विद्वानांच्या हाताला ग्रीक वळण होते. त्यांनी ग्रीक मोठी अक्षरे घेतली, स्लाव्ह उच्चारांसाठी लागणारी बाकीची त्यात घातली, आणि लिहायला सोपी, डोळ्यांना ओळखीची अशी लिपी उभी राहिली. ती झपाट्याने पसरली आणि गुरूचे नाव तिला चिकटले. मला हे चुकीपेक्षा ऋण वाटते. ज्याने आधी आपल्या भाषेला अक्षर दिले, त्याच्या नावाशिवाय दुसरे नाव त्या लोकांना सुचले नसेल.

मूळ लिपीला मात्र आपल्या कर्त्याचे नाव गमावल्यावर नवे नाव मिळाले ते अगदी साधे. ‘ग्लागोल’ म्हणजे शब्द, बोल. ‘ग्लागोलाती’ म्हणजे बोलणे. क्रोएशियाच्या किनाऱ्यावर जे पुरोहित लॅटिनऐवजी स्लाव्ह भाषेत उपासना करत, त्यांना ग्लागोल्याश म्हणत. शुभवर्तमानात ‘येशू म्हणाला’ या अर्थी हेच क्रियापद पुन्हा पुन्हा येते. क्रोएशियात या लिपीच्या नशिबी एक चुकीचा कर्ता आला. ती संत जेरोमने केली, असे मानले जाऊ लागले. जेरोम ४२० साली वारला, म्हणजे कॉन्स्टंटाइन जन्मायच्या चारशे वर्षे आधी. पण त्या समजुतीने लिपीला संरक्षण दिले. १२४८मध्ये पोप चौथा इनोसंट याने सेन्यच्या बिशपला ती वापरण्याची परवानगी दिली. क्रक बेटावर सापडलेली बाश्काची शिला साधारण ११०० सालची. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, वजन सुमारे ८०० किलो, आणि तिच्यावर राजाने दिलेल्या जमिनीची नोंद. २२ फेब्रुवारी १४८३ रोजी ग्लागोलित्सातले प्रार्थनापुस्तक छापून पूर्ण झाले. गुटेनबर्गच्या बायबलला तेव्हा तीसही वर्षे झाली नव्हती. किरिलिकमधली पहिली छपाई त्यानंतर आठ वर्षांनी, १४९१ साली क्राकोवमध्ये झाली.

पुढे किरिलिकचा पसारा वाढत गेला तो माणसाला मोजताना धाप लागावी इतका. बल्गेरियनची अक्षरे ३०, रशियनची ३३. कॉकेशसमधल्या काबार्दियन भाषेची वर्णमाला ५९ अक्षरांची, कारण तिथले उच्चार बसवण्यासाठी दोन-दोन, तीन-तीन, एका ठिकाणी तर चार चिन्हे जोडून एक अक्षर मानावे लागले. पीटर द ग्रेटने २९ जानेवारी १७१० रोजी नव्या खिळ्यांचा नमुना मंजूर केला आणि नको असलेली अक्षरे स्वतःच्या हाताने खोडली. अक्षरांनी मोजण्याचा काळही तिथेच मावळला. त्यांच्या जागी आपल्याकडून अरबांमार्फत युरोपात गेलेले दहा अंक आले.

१९१८च्या रशियन लेखनसुधारणेत आणखी काही अक्षरे गेली. शब्दाच्या शेवटी येणारे कठोर चिन्हही काढून टाकले. त्याला तिथे काहीच उच्चार नव्हता. भाषेवर लिहिणारा लेव्ह उस्पेन्स्की याने जुन्या वळणाची ‘युद्ध आणि शांती’ची एक आवृत्ती घेऊन हिशेब केला. २,०८० पाने, पानावर सरासरी १,६२० अक्षरे, म्हणजे सुमारे ३३ लाख ७० हजार अक्षरे. त्यांत हे मुके चिन्ह साधारण १ लाख १५ हजार वेळा येत होते. ती सगळी एकत्र केली तर ७०हून जास्त पाने भरतात. जुळाऱ्याने एकेक खिळा उचलून लावायचा, शाई लावायची, कागद छापायचा, आणि वाचणाऱ्याच्या ओठी त्यातला एक स्वरही यायचा नाही. एका कादंबरीचे हे ओझे असेल, तर अख्ख्या देशाच्या छपाईचे किती असेल?

उलट टोकाला एक अक्षर असे आहे, जे एकदाच लिहिले गेले. १४२९च्या सुमाराच्या एका स्तोत्रग्रंथात ‘अनेक डोळ्यांचे’ देवदूत हा शब्द आला. ‘ओ’ हे अक्षर आधीच वाटोळे, डोळ्यासारखे. लेखनिकाने त्या शब्दात त्याचे डोळेच डोळे करून टाकले. सहा शतकांनंतर संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात, युनिकोडमध्ये, त्या एका जागेसाठी स्वतंत्र सांकेतिक क्रमांक दिला गेला. आधी त्याचे ७ डोळे काढले होते. मग कुणीतरी हस्तलिखित नीट पाहिले, डोळे १० निघाले, आणि २०२२च्या आवृत्तीत चूक सुधारली. एका शब्दासाठी एकदाच काढलेल्या अक्षराचे डोळे मोजून ते दुरुस्त करावेत, ही आस्था मला मनापासून आवडते.

युनिकोडमध्ये याच लिपीची आणखी काही चिन्हे आहेत. लाखाचे चिन्ह, दशलक्षाचे चिन्ह, कोटीचे, दहा कोटींचे, अब्जाचे. ही चिन्हे एकटी येत नाहीत, अक्षराला वेढून बसतात. अक्षराभोवती साधे वर्तुळ काढले की त्याची किंमत दहा हजार पट होते. त्या दहा हजाराला नाव होते ‘त्मा’. त्मा म्हणजे अंधार. संस्कृत ‘तमस्’शी त्याचे मूळ एकच. डोळ्यांपुढे अंधारी यावी एवढे अगणित, असा त्यातला भाव. ठिपक्यांचे वर्तुळ काढले की लाख, नाव ‘लेगिओन’. स्वल्पविरामांसारख्या फटकाऱ्यांचे वर्तुळ म्हणजे दहा लाख, ‘लेओद्र’. क्रुसांचे वर्तुळ म्हणजे कोटी, ‘वोरोन’, म्हणजे डोमकावळा. आणि शेवटी दहा कोटी, ‘कोलोदा’, म्हणजे लाकडाचा ओंडका.

ही झाली लहान मोजणी. १६व्या-१७व्या शतकांतल्या रशियन हस्तलिखितांत हीच नावे घेऊन एक ‘मोठी मोजणी’ केलेली आहे, आणि तिथे जमीन पायाखालून सुटते. त्मा म्हणजे दहा लाख, एकावर ६ शून्ये. त्माची त्मा म्हणजे लेगिओन, १२ शून्ये. लेगिओनचा लेगिओन म्हणजे लेओद्र, २४ शून्ये. लेओद्रचा लेओद्र म्हणजे वोरोन, ४८ शून्ये. आपल्या ‘लीलावती’तली नावे एक, दश, शत अशी दहा-दहाच्या पायऱ्यांनी चढत परार्धाला, एकावर १७ शून्यांना, थांबतात. इथे प्रत्येक पायरी आधीच्या पायरीला तिनेच गुणते. हे किती मोठे, ते पाण्याने मोजून पाहू. एक लेओद्र रेणू म्हणजे अवघे ३० मिलिलिटर पाणी, एका घोटात संपणारे. आणि एक वोरोन रेणू हवे असतील, तर पृथ्वीवरचे सगळे महासागर एकत्र केले तरी पुरत नाहीत. तसे सुमारे वीस पृथ्वींचे महासागर लागतील. वोरोनच्या पुढे कोलोदा आहे आणि तिथे लिहिणारा थांबतो. यापुढचे माणसाच्या बुद्धीला समजणार नाही, अशा अर्थाची ओळ घालून तो मोजणी संपवतो.

लहान मोजणीतली त्मा मात्र रोजच्या व्यवहारातली होती. दहा हजारांच्या सेनापतीला ‘तेम्निक’ म्हणत. आणि हाच शब्द महाराष्ट्राची मोजदाद करायला आला. त्वेरचा व्यापारी अफानासी निकितिन १४७०च्या आसपास चौल बंदरात उतरला. रेवदंड्याला आज त्याचे स्मारक आहे. बरोबर विकायला आणलेला एक घोडा होता, शंभर रूबल खर्चून आणलेला. पाली, उमरी करत तो जुन्नरला पोचला आणि पावसाने त्याला तिथे अडकवले. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असे तो लिहितो. जुन्नरचा खडकावरचा किल्ला त्याला देवानेच घडवल्यासारखा वाटला. वर चढायला दिवस जातो, आणि वाट इतकी अरुंद की दोघे शेजारी चालू शकत नाहीत. जुन्नरचा अधिकारी असद खान याने त्याचा घोडा हिसकावला आणि धर्म बदललास तर परत देईन, वर हजार मोहरा देईन, असे बजावले. एका खोरासानी माणसाने मध्यस्थी करून तो सोडवला. निकितिनची ही वही अशा तपशिलांनी भरलेली आहे, आणि आकड्यांनी. असद खानाच्या हाताखाली किती फौज? सात त्मा, म्हणजे ७० हजार. त्याचा धनी मलिक-उत-तुज्जार, म्हणजे बहामनी वजीर महमूद गवान, याच्याकडे किती? वीस त्मा, म्हणजे दोन लाख. सह्याद्रीच्या कुशीतले सैन्य रशियन अंधारांत मोजले गेले.

निकितिन घरी पोचला नाही. परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्क यायच्या आधीच तो वारला. त्याच्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला आणून महाराजांचा चिटणीस वासिली मामिरेव याच्या हाती दिल्या आणि तिथून त्या इतिवृत्तात गेल्या. इतिवृत्तातले साल आहे ६९८३. सृष्टीच्या आरंभापासून मोजलेल्या या सालातून ५५०८ वजा केले की १४७५ येते. अक्षरांत लिहिताना ते असे : हजाराची खूण जोडलेला द्झेलो ६०००, त्सी ९००, पोकोय ८०, ग्लागोल ३. हीच चार अक्षरनावे किरिलच्या हातच्या लिपीत लिहिली, तर द्झेलो आठ हजारांचा होतो आणि ग्लागोल चारचा.